चौसष्ट अक्षरांत न मावणारा माणूस

३ तारीख, सोमवार. सकाळी १०.१०
हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांची कॉम्प्युटरवरची डिरेक्टरी आजपासून माझ्या ताब्यात. पासवर्डसकट! पहिली एन्ट्री अर्थातच माझी: 'मुख्य समन्वयक, कर्मचारी माहिती संकलन, वर्गीकरण, सुसूत्रीकरण व संवर्धन विभाग'. (पद मीच ठरवलं. साहेबांना सवडीने सांगेन.) पण पदनामाचा रकाना चौसष्ट अक्षरांवर अडला. काना-मात्राही वेगळे मोजतो, कंजूष मेला! 'संवर्धन'मधलं नुसतं 'सं' उरलं.

दुपारी
कोणत्या रकान्यात किती मावेल याच्या नियमांना स्कीमा म्हणतात. कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणाल्या, स्कीमाला हात लावू नका, फोनचं एक्स्चेंज हीच यादी वाचतं, त्याला चौसष्टच्या पुढचं कळत नाही.
मी म्हटलं, शिकेल हळूहळू.

४ तारीख
मर्यादा १०२४ केली. जमलं! पूर्ण 'संवर्धन' स्क्रीनवर झळकलं. घरी सात वेळा म्हणून दाखवलं. ही म्हणाली, जेवताना तरी पदनाम बाजूला काढून ठेवा.

५ तारीख
सर्वांना कळवलं: पदनाम मोकळेपणाने लिहा. काय उत्साह! सर्जनसाहेबांनी शाळेतल्या बक्षिसांपर्यंत सगळं घातलं. कँटीनवाल्याने अख्खा मेनू. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने नऊशे अक्षरांत आयुष्य मांडलं. वाचून डोळे भरून आले. रात्रीत यादी एक्स्चेंजला जाईल.

६ तारीख. सकाळी ९.३०
आज ऑफिसात विलक्षण शांतता. एकही फोन नाही. लोकांच्या शंकाच मिटल्या असाव्यात.

१०.१५
फोन बंद आहेत. सगळे. एक्स्चेंजने यादी घशात अडकवून घेतली.

११.००
चौथ्या मजल्यावर एका आजोबांचे टाके उसवले. फोन लागेना, म्हणून सिस्टर जिने उतरत कँटीनपर्यंत धावल्या आणि सर्जनसाहेबांना हातातल्या चहासकट वर नेलं. आजोबा बरे आहेत. ते कळेपर्यंत मी चार वेळा जिना चढलो-उतरलो. हे कुणाला सांगणार नाही.

दुपारी
साहेबांनी विचारलं, मर्यादा कुणी वाढवली? म्हटलं, साहेब, सांघिक निर्णय होता. त्यांनी संघाची नावं विचारली. मी माझं पदनाम सांगायला घेतलं. ते 'वर्गीकरण'पाशी उठून गेले.

७ तारीख
पासवर्ड काढून घेतला. मॅडमनी चौसष्टची मर्यादा परत लावली. आता मी ऑपरेटरबाईंच्या हाताखाली: चारशे बारा जणांना फोन करून पदनाम थोडक्यात सांगा म्हणायचं. ड्रायव्हरला लावला. रडला. सर्जनसाहेबांनी माझं वाक्य संपायच्या आत फोन आपटला.
बाई म्हणाल्या, खुर्ची नाही, त्या स्टुलावर बसा.
बसलो. स्टूल गोल फिरतं. सुरुवात वाईट नाही.