सांध्यावरची पिवळी रेघ

कुरुंदा, ता. वसमत
मंगळवार, २ एप्रिल २००२

तीर्थरूप दादांस,
राधिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल दुपारी यांची गाडी कॅनॉलच्या वळणावर वळलीच नाही. सरळ माणिकरावांच्या हळद काढलेल्या रानात गेली. घरी येऊन हे मला म्हणाले, की गाडी जरा रानात उतरवून पाहिली. खरं काय ते जळबा वेल्डरनं सांगितलं, कारण मागं तोच बसला होता. हँडल पुरं फिरवलं तरी गाडी वळायला तयार नव्हती, म्हणे. यांचा गुडघा सोलला आहे. जळबाला काही झालं नाही, पण आता घरी पायीच जाईन म्हणतो.

तुम्ही गाडी फोटोतच पाहिली आहे. दिवाळीत पाठवला होता तो फोटो, आणि गाडी छान झाली म्हणून तुमचं पत्र आलं, ते यांनी कपाटात जपून ठेवलंय. जुन्या बुलेटचे पुढचे पाय चौदा इंच लांब केलेत. हँडल बसतं तो पाईप कापून मागं कलवला आणि जळबाकडून पुन्हा जोडून घेतला. जळबा एरवी हळदीला पॉलिश करायचे ड्रम बनवतो. गावानं गाडीला उंट नाव ठेवलंय. सासूबाई विचारतात, की आधीची चांगली होती, तिला काहून तोडली. हे हसतात. पुण्याच्या गॅरेजातून परत आले तेव्हा गाव यांना हसलं होतं. आता तेच लोक लेकरांना घेऊन गाडी बघायला येतात, म्हणून मला फार बोलता येत नाही.

पण दादा, एकवीस तारखेला साखऱ्याला यांच्या संतराममामांच्या शिवहारचं लग्न आहे. परण्या, म्हणजे नवरदेवाला मारुतीला नेतात ती मिरवणूक, घोड्यावर न काढता या गाडीवर काढायची ठरलीय. हे चालवणार, मागं नवरदेव. नवरदेवासोबत लहान करवली बसवायची रीत आहे, आणि करवली आपली कोमल. सहा वर्षांचं लेकरू टाकीवर बसणार. मला जेवण जात नाही. माझं भ्यायचं कारण खरं आहे की उगीच, ते तुम्हीच सांगा. तुम्ही मेकॅनिक.

गावातल्या दुकानातला फोन बंद पडलाय. हे पत्र वसमत-लातूर एसटीचे रूपसिंग ड्रायव्हर यांच्या हाती देते. वहिनींना नमस्कार. माया कमी करू नका.

तुमची
राधिका


लातूर
शनिवार, ६ एप्रिल २००२

चि. सौ. राधिकेस,
शिवशंकरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रूपसिंगनं डेपोत आणून दिलं. चहा पिऊन मगच दिलं, पण दिलं. त्याच्याच हाती उत्तर देतो आहे.

लहानपणी तू सायकलला भ्यायचीस आणि म्हशीवर बसायचीस. त्यामुळं तुझ्या भीतीला मी जरा वजन कमीच देतो. तरी या वेळी तू उगीच भ्यालेली नाहीस. पुढचे पाय एवढे लांब केले की गाडी सरळ रस्त्यावर झोकात चालते, आणि वळणावर मात्र तिला दुप्पट जागा लागते. हळू चालवली तर आणखी वाईट. हँडल आपल्या वजनानं एका बाजूला पडतं आणि सावरायला दोन्ही हातांची ताकद लागते. परण्या तर माणसाच्या चालीनं चालते. वाजंत्री थांबली की थांबते, पुन्हा चार पावलं सरकते. अशा गाडीला याहून अवघड काम नाही. ती उभी करून बघायला देखणी, त्यापुढं तिच्याकडून जास्त मागू नये.

बालाजीरावांना माझं नाव सांगू नकोस. मेव्हण्यानं शिकवलेलं कुणालाच रुचत नाही. कोमलला मात्र कोणत्याही सबबीवर खाली ठेव. आणि एक काम कर. हँडल जिथं चेसीत शिरतं, तिथं खालच्या बाजूला कोरड्या फडक्यानं नीट पूस आणि रंग कुठं तडकलाय का बघ. असेल तर कळव. बहुतेक नसेल.

आईबाबांकडून खुशाली आहे. तुझी वहिनी लोणच्याच्या कैऱ्या आल्यात का विचारते. लोभ आहे तो वाढू दे.

तुझा
दादा


कुरुंदा
शुक्रवार, १२ एप्रिल २००२

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बहुतेक नसेल म्हणून लिहिलं होतं. आहे.

सध्या हळदीचा ड्रम दिवसभर फिरतो. भांडी, अंथरुणं, कोमलचे केस, सगळं पिवळं झालंय. गाडीवरही धुराळा बसतो. सोमवारी मी फडकं घेऊन पुसायला गेले. काळा रंग चांगला चमकला, पण सांध्याच्या खाली एक बारीक पिवळी रेघ राहिली. ओल्या फडक्यानं पुसली, पदरानं घासली, ती जाईना. धुराळा वर बसलेला नाही, आत शिरलाय.

मी काडेपेटीतली काडी लावून पाहिली. सोमवारी रेघ काडीहून लहान होती. बुधवारी हे वसमतला जाऊन आले. काल पुन्हा काडी लावली तर रेघ काडीच्या पुढं गेली होती. मी तीनदा मोजलं.

जळबाला विचारलं. तो म्हणाला रंग आहे, रंग तडकतोच. पण माझ्याकडं बघून बोलला नाही. यांना अजून सांगितलं नाही. गाडीची फटफट लांबून ऐकू आली की जीव भांड्यात पडतो, आणि बंद झाली की फाटकापर्यंत धावत जाते. सासूबाई म्हणतात, नव्या नवरीवाणी काय करून राहिली.

रेघ म्हणजे काय ते लवकर लिहा. माया असू द्या.

तुमची
राधिका


लातूर
सोमवार, १५ एप्रिल २००२

श्री. बालाजीराव यांस,
शिवशंकरचा स. न. वि. वि.

मी राधिकेला माझं नाव तुम्हाला सांगू नको म्हणून लिहिलं होतं. आता मीच सांगतो आहे. तिच्यावर रागावू नका.

सांध्यावरची ती रेघ म्हणजे लोखंडाला गेलेली चीर आहे. विश्वास बसत नसेल तर स्वतः पाहा. रंग खरवडून तिथं रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटेल. रेघ असेल तर गाडी हातानंसुद्धा फाटकाबाहेर काढू नका. हा सांधा तुटतो तेव्हा आधी कुरकुरत नाही. पुढचं चाक वेगळं आणि माणूस वेगळा होतो.

जळबाचा दोष काढू नका. ड्रम एका जागी फिरतो, त्याला खड्डे नसतात. त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणं जाड थर टाकून सांधलं होतं. फोटोत तो थर मला दिसला होता. मी तुम्हाला काय लिहिलं ते तुमच्या कपाटात आहे. सांध्याची गाठ फोटोत खटकते, तेवढी घासून सपाट करून घ्या, म्हणजे एकसंध दिसेल, असं लिहिलं. बावीस वर्षं चेसीवर काम करणाऱ्या माणसानं लिहिलं. त्या गाठीतच सांध्याची ताकद होती. फोटो सगळ्या वर्कशॉपला दाखवत फिरत होतो, माझ्या बहिणीच्या मालकानं बनवली म्हणून. दिसण्यापुढं मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही माझा शब्द मानून घासून घेतलीत.

परवापासून हे डोक्यातून जात नाही. रस्त्यावर बुलेटचा आवाज आला की हातातला पाना खाली ठेवतो. कृपा करून घोडा सांगा. आपला स्नेह राहावा.

आपला
शिवशंकर


कुरुंदा
गुरुवार, १८ एप्रिल २००२

तीर्थरूप दादांस,
राधिकाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. यांनी ओट्यावर बसून दोनदा वाचलं. मग कपाटातलं दिवाळीचं पत्र काढून तेही वाचलं. रॉकेलची बाटली घेतली, कोमलच्या पाटीचा खडू मागून घेतला आणि सांगितलं तसं केलं. मी कंदील धरला होता. खडूवर रेघ उमटली. खालून निघून दोन्ही बाजूंनी वर चढलेली, पाईपाच्या निम्म्याहून जास्त. ती ओली होत होत पुढं सरकताना आम्ही दोघं बघत होतो. यांच्या कपाळावर घाम आला होता. मी यांना इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, सुटले. पण सकाळी साखऱ्याहून निरोप आला, की घोडेवाल्याला मामांनी केव्हाच नकार कळवलाय आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं गाडी बघायला येणार आहेत. तेव्हापासून हे पुन्हा फिरलेत. उद्या जळबाकडून सांध्यावर लोखंडाची पट्टी मारून घेणार आणि शनिवारी सकाळी दहाला निघणार म्हणतात. साखऱ्यापर्यंत एवढा रस्ता, आणि तो असला. मी आणि कोमल एसटीनं जाणार, गाडीला हात लावणार नाही, हे मी सासूबाईंसमोर सांगून टाकलं. कोमल तेव्हापासून रडतेय. हे म्हणाले, बराबर आहे, मी एकटा नेतो.

मी पाया पडले, दादा. तेव्हा म्हणाले, की ज्यांनी घासायला सांगितलं त्यांनी येऊन हात लावून नाही म्हणावं. पत्रातून माझी गाडी बंद करायची नाही. शिवशंकरभाऊ समोर उभे राहिले तर किल्ली त्यांच्या हातात देतो, आणि मामांकडं मान खाली घालून एसटीनं जातो. दहापर्यंत वाट बघतो. हे रागानं बोलले नाहीत. मला वाटतं, तुम्ही यावं असं यांनाच मनातून वाटतंय.

हे पत्र रूपसिंग आज संध्याकाळी तुमच्या हातात देतील. शनिवारची रजा काढा. तुमच्याकडून निघालेली रात्रीची गाडी शनिवारी सकाळी आठला वसमतला येते असं ते म्हणाले. तिथून कुरुंद्याची गाडी नऊला आहे, भरली की सुटते. मी साडेनऊपासून फाट्यावर उभी राहीन.

तुमची माया मला शनिवारी लागणार आहे.

तुमची
राधिका