सायकलीच्या बदल्यात आलेली कुत्री

हॅरोबर्न,
१८ मार्च १९५७

ती. वॉटीमामांस,
एफीचा सा. न. वि. वि.

गिब वारला त्याला सहा आठवडे झाले. तुम्ही केल्सोला परतलात त्या दिवशी सुरू झालेलं गारठ्याचं दुखणं अजून हटलेलं नाही, पण पत्र त्यासाठी नाही. काल इस्टेटीचा कारभारी आला. न विचारता गिबच्याच खुर्चीत बसला आणि म्हणाला की हे घर इस्टेटीचे शिकारीचे पक्षी राखणाऱ्या रखवालदाराचं, त्याच्या विधवेचं नव्हे. तरी मालकांना दया आली आहे म्हणे. शिकारीच्या दिवशी पडलेले पक्षी शोधून आणायला कुत्रेवाली माणसं कमी पडतात. दोन नोव्हेंबरच्या फेझंट पक्ष्यांच्या पहिल्या शिकारीला मी कामाचं कुत्रं घेऊन उभी राहिले तर घर माझं. नाहीतर मार्टिनमासला, म्हणजे अठ्ठावीस नोव्हेंबरला, किल्ली द्यायची.

मी हो म्हणून बसले. मामा, मी जन्मात कुत्र्याचा पट्टा हातात धरलेला नाही! गिबचा म्हातारा कुत्रा मॉस बाहेरच्या खोपटात राहायचा आणि माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. तोही गेल्या हिवाळ्यात गेला. आता पोस्टातली बाई म्हणते गोल्डन रिट्रीव्हर घे, पाववाला म्हणतो पॉइंटर. एकोणीस वर्षं याच चुलीपाशी काढली, दुसरं घर मला ठाऊक नाही. तुमच्याकडेही खोगीरवाल्याच्या दुकानावरची एकच खोली. चाळीस वर्षं तुम्ही कुत्री तयार केलीत. कोणत्या जातीचं घेऊ तेवढं लगेच कळवा.

लोभ आहेच, तो उत्तराच्या रूपाने लवकर यावा.
आपली,
एफी

केल्सो,
२२ मार्च १९५७

चि. एफीस अ. आ.

पाववाल्याला सांग, तू पाव भाज. पॉइंटर लांब उभा राहून पक्षी कुठे आहे ते दाखवतो, उचलून आणायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटतो. गोल्डन दिसायला गोजिरवाणा. दिवसभर काम करेल आणि रात्रभर तू त्याच्या केसांतली कुसळं काढशील. स्पॅनियलच्या तर वाटेला जाऊ नकोस. हुशार असते, पण अंगात आग. नवख्या माणसाच्या हाती पडली की आठवड्यात तीच मालकाला शिकवते. आणि तुझी एक चूक जन्मभर लक्षात ठेवते.

लॅब्रॅडॉर घे. मादी, वर्षाच्या आसपासची, शिकारीत काम करणाऱ्या कुत्र्यांच्या घराण्यातली, प्रदर्शनातली नव्हे. नवख्याच्या शंभर चुका पोटात घालते ती. पिल्लाचे डोळे बघत बसू नकोस, त्याची आई बघ. हेड रखवालदार टेटला काही विचारू नकोस, तो हसेल, आणि तुला हसलेलं सोसत नाही हे लहानपणापासून माहीत आहे मला.

गारठ्यावर कांद्याचा रस घे. आठवण ठेवतेस तशीच ठेवावी.
वॉटीमामा

हॅरोबर्न,
९ एप्रिल १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

आधी रागवून घ्या, मग पुढे वाचा. सेलकर्कला लॅब्रॅडॉरवाल्याकडे दोनदा गेले. सगळी पिल्लं आधीच बोलून ठेवलेली, पुढचं वेत उन्हाळ्यात. ती नोव्हेंबरपर्यंत कामाला कशी येणार? परतताना एका शेतावर पाणी मागायला थांबले तर तिथे आठ महिन्यांची स्पॅनियल होती, तपकिरी-पांढरी. सरळ येऊन माझ्या बुटावर बसली. शेतकऱ्याला सायकल हवी होती. मी गिबची सायकल दिली आणि आठ मैल कुत्रीसोबत चालत आले.

नाव नेटल. काल तिने गिबची टोपी खाल्ली. मी रडले, मग हसले, किती दिवसांनी ते विचारू नका.

रागातही लोभ असू द्यावा.
आपली,
एफी

केल्सो,
१३ एप्रिल १९५७

चि. एफीस अ. आ.

बुटावर बसली म्हणे! उद्या एखादी मेंढी बसली तर तीही आणशील. झालं ते झालं. आता नीट ऐक. आधी बसायला शिकव, मग थांबायला. शिट्टी एकच, शब्द थोडे, आणि चिडलीस की त्या दिवशी शिकवणं बंद.

बंदुकीचं मात्र डोक्यात कोरून ठेव. ऑगस्टआधी आवाज नाही. मग ती खात असताना शेताच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी लहान पिस्तूल वाजवायचं, दर आठवड्याला थोडं जवळ येत. घाई केलीस तर कुत्री गेली म्हणून समज. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे इथे चालत नाही.

टोपीचं वाईट वाटलं. तब्येतीचं कळवीत जावं.
वॉटीमामा

हॅरोबर्न,
११ सप्टेंबर १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, मी घात केला.

सगळा उन्हाळा किती छान गेला होता. नेच्यांच्या रानात लपवलेला हातमोजा ती वाऱ्यावर नाक धरून शोधायची आणि एक दात न लावता माझ्या हातात द्यायची. ऑगस्ट आला तेव्हा पिस्तूल वाजवायला माणूस नव्हतं. टेटला विचारायची लाज वाटली. आज विचारू, उद्या विचारू, असं करत महिना गेला. मग कारभारी वाटेत भेटला आणि म्हणाला की कुत्रीला आवाजाची सवय झालीच असेल. मी हो म्हटलं. पुन्हा हो!

शनिवारी तित्तरांची शिकार होती. मनात म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, आणि तिला घेऊन बंदूकवाल्यांच्या अगदी मागे उभी राहिले. आठ बंदुका एकदम सुटल्या. असं ओरडणं मी जनावराचं ऐकलं नव्हतं. पट्टा तोडून तीन मैल पळत घरी आली. चार दिवस पलंगाखाली आहे, तिथेच सगळं करते. चुलीचं दार लागलं तरी थरथरते. तुम्ही लिहून दिलेलं पत्र चुलीवरच्या भिंतीला टाचलेलं होतं, मामा, रोज वाचत होते. काहीतरी उपाय सांगा, मी पाया पडते.

आपली अभागी,
एफी

केल्सो,
१५ सप्टेंबर १९५७

चि. एफीस अ. आ.

रागवायला बसलो होतो, लेखणी खाली ठेवली. चूक तुझी तू जाणतेस.

उपाय सात आठवड्यांत नाही. वर्ष-दोन वर्षं घेतली तर कदाचित, आणि तेही मी पाहिलेलं नाही. तिला पेज भरव, तिच्याजवळ जमिनीवर बस, बोलू नकोस. दुसरं कुत्रं कुठे मिळतं का मीही बघतो. पण हंगामाच्या तोंडावर तयार कुत्रं कोण देणार? खोटी आशा दाखवत नाही.

धीर धर असं लिहायला हरकत नाही, म्हणून लिहितो.
वॉटीमामा

हॅरोबर्न,
२७ ऑक्टोबर १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

काल टेट आला होता. त्याला सगळं कळलं आहे, आणि तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला की तो हेड झाल्यापासून गिब अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होता, मला रस्त्यावर बघवणार नाही. त्याची तयार लॅब्रॅडॉर तो मला हंगामभर देईल आणि कारभाऱ्याला ती माझीच म्हणून सांगेल. मुकाट्याने उभी राहिले तरी ती आपलं काम करते म्हणे.

पण नेटलला ठेवता येणार नाही. बंदुकीला भिणारी मादी इस्टेटीवर ठेवत नाहीत, कुणीतरी तिची पिल्लं घेतं आणि ते भय खोरंभर पसरतं. हा इथला जुना नियम, तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. दुसरीकडे द्यायला मी पाच घरं फिरले. भित्री कुत्री कुणाला हवी? गुरुवारी दुपारी तो बंदूक घेऊन येणार आहे. परसदारी, एकच गोळी, तिला कळणारही नाही असं म्हणाला.

नेटल आता पलंगाखालून बाहेर येते. माझ्या पायांवर झोपते. सांगा, काय करू? उलट टपालाने कळवा.
एफी

केल्सो,
२९ ऑक्टोबर १९५७

चि. एफीस अ. आ.

टेटचं ऐक. भला माणूस आहे. तुझ्या जागी मीही तेच करेन, आणि त्याच्या जागी असताना केलंही आहे. घर ते घर. नोव्हेंबरात डोक्यावर छप्पर नसलं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही, मला आहे.

त्या वेळी बाहेर जाऊ नकोस. किटली ठेव आणि तिच्याकडे बघत बस.

कठोर वाटलं तरी माया कमी समजू नकोस.
वॉटीमामा

हॅरोबर्न,
१ नोव्हेंबर १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

किटली ठेवली होती. पण नेटल टेटबरोबर जाईना, म्हणून दोरी धरून मीच परसात नेलं. वाटलं, शेवटी निदान ओळखीचा हात असावा.

टेटने बंदूक खांद्यावरून काढली. तिने ती पाहिली आणि पळाली नाही. वळली आणि माझ्या झग्याखाली शिरली. तिचं काळीज माझ्या पोटऱ्यांवर धडधडत होतं. ज्या बाईने तिला त्या आठ बंदुकांपाशी नेऊन उभं केलं, तिच्याच आड लपली हो!

टेट म्हणाला, बाजूला हो. दोनदा म्हणाला. मी झाले नाही. मग त्याने गोळी काढून खिशात घातली आणि सांगितलं की आता त्याच्या हातात काही उरलं नाही. आज सकाळी कारभाऱ्याची चिठ्ठी आली. अठ्ठावीस तारखेला किल्ली.

तुमचं ऐकलं नाही, हे तिसऱ्यांदा. कुठे जाऊ ते सुचत नाही. कुत्रीसकट कामावर कोण ठेवील? रात्र रात्र भिंतीकडे बघत पडते. पण ती जिवंत आहे, आणि याचा पश्चात्ताप होत नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

आता लोभ मागायचाही धीर होत नाही.
एफी

केल्सो,
४ नोव्हेंबर १९५७

चि. एफीस अ. आ.

पत्र घरमालकिणीकडून दोनदा वाचून घेतलं, माझा चष्मा ओला होत होता.

चाळीस वर्षांत अशी अकरा कुत्री माझ्या हातून गेली. एफी, ती सगळी तशीच लपायला बघायची. त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून माझ्याकडेच यायची. आणि बंदूक माझ्या हातात. हे मी तुझ्या मामीलाही कधी सांगितलं नाही.

घरमालकिणीला विचारलं, ती कुत्रं ठेवू देत नाही. मी तिला सांगितलं की मीही निघतो. रेल्वेच्या जुन्या फाटकाजवळ फाटकवाल्याची खोली रिकामी आहे. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, चूल धुरकट आहे, हिवाळा कसा निघेल ते सांगता येत नाही. पण आसपास कुठे शिकार होत नाही, हे मी चालत जाऊन पाहून आलो.

अठ्ठावीसला दुपारच्या गाडीने या. माझ्या अंगाला अजून बंदुकीच्या तेलाचा वास येत असणार, तो कधी जातच नाही. म्हणून पुढे येणार नाही, स्टेशनवरच्या बाकावर बसून राहीन. तिला ओढू नकोस. आपणहून आली तर येऊ दे, नाही आली तरी मी रागावणार नाही.

तुम्हा दोघींची वाट पाहणारा,
वॉटीमामा