एक कोट आणि अनेक माना

सकलगुणालंकृत, भगिनीवत्सल, उसनी वस्तू परत मागण्याच्या विद्येत अद्वितीय, अस्मादिकांच्या अर्धांगिनीचे कनिष्ठ बंधू मेहुणेबुवा यांस त्वग्रोगप्रसार-संशोधनधुरंधर (वेतन पूर्ववत) भावजींचे सप्रेम आशीर्वाद. आपली प्रकृती, विशेषतः मान, कशी आहे? (प्रश्न औपचारिक नाही.)

गेल्या महिन्यात आमच्या निम्म्या कचेरीच्या मानांवर नायट्याची चक्रे उमटली. त्वचेचे रोग लोकांत कोठून कोठे पसरतात हे शोधणे, हेच आमच्या खात्याचे कार्य; तेव्हा रोग स्वतःच भेटीस आला, हा त्याचा विनय. तपासाची धुरा माझ्याकडे आली. मी नकाशा आखला, टाचण्या टोचल्या आणि पूर्ण शास्त्रोक्त पद्धतीने कोपऱ्यावरच्या केशकर्तनकारास दोषी ठरवून त्याचे दुकान बंद करविले. (शास्त्राला बळी लागतो; तो शक्यतो परका असावा.) तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्यातले दोघंच येतात माझ्याकडे. बाकीच्यांना नायटा काय टपालानं पाठवला?" त्यावर आमच्या टंकलेखिकाबाई मान खाजवीत उद्गारल्या, "आणि मी काही त्याच्याकडे दाढीला जात नाही हं!"

विज्ञानाची ही विटंबना असह्य होऊन मी मान वर केली, तो प्रत्येक रुग्णाच्या गळ्यात नवे ओळखपत्र लोंबत होते आणि प्रत्येक छायाचित्रात एकच कोट होता. छायाचित्रात स्त्री-पुरुष सर्वांनी कोट घालावा, ही वरिष्ठांची आज्ञा. आणि कचेरीत कोट एकच, आपण मला बढतीच्या मुलाखतीसाठी दिलेला. (बढती हुकली. कोट मात्र सर्वांच्या अंगाखांद्यावर खेळला.) प्रथम छायाचित्र माझे. मी हल्ली गळपट्टी वापरतो, ती थंडीसाठी. थंडी अद्याप पडलेली नाही.

सोमवारी वरिष्ठांपुढे अहवाल वाचायचा आहे. मूळ रुग्ण सापडला नाही, तर त्या गरिबाच्या दुकानाला कायमचे टाळे. आपले नाव मी घरी सहज सुचवताच आपली ताई कडाडली, "माझ्या भावावर खापर फोडू नका! आधी स्वतःची मान बघा आरशात!" संशोधकाला घरी मान नाही, हेच खरे.

आपला निष्पक्षपाती,
भावजी

ता. क. आपल्या मानेवरचा नायटा कोट देण्यापूर्वीचा आहे, एवढे दोन ओळींत लिहून पाठवावे. नायटा नसल्यास, त्याची सोय व्हावी म्हणून कोट सोबत पाठवीत आहे.

ता. ता. क. त्वरा करावी. उत्तर न आल्यास आपली ताई सोमवारी जातीने कचेरीत येऊन माझी गळपट्टी सोडणार आहे.

ता. ता. ता. क. माझे केस कॉलरखाली उतरले असून मानेला भयंकर टोचतात. कोपऱ्यावरचे दुकान बंद, आणि पुढच्या गल्लीतला मला खुर्चीवर बसूच देत नाही. म्हणतो, आधी गळपट्टी काढा.