पार्वती, टेकावरची

मंगळवार, चैत्र, १९८७

काल चाऱ्याच्या यादीत माझी म्हैसच सापडंना. लिही सुमे, हसू नको.

सुमी माझी नात. भूमच्या दूध संघात नव्या कॉम्प्युटरवर बसती. सभासदांच्या ओळी आधी साध्या लिहायच्या, मग मशीन त्या नाव, गाव, जनावर अशा खणांत ओततं. शेपटीवाला ठिपका, म्हणजे स्वल्पविराम, दिसला की खण बदलतं. पण आमच्या गावात पार्वती चार! म्हणून मला सगळे ‘पार्वती, टेकावरची’ असंच लिहितात. सुमीनंही तसंच लिहिलं. मग काय, माझं गाव झालं टेकावरची, आणि म्हशीच्या जागी अख्खं गाव दावणीला!

"गावाला वैरण घाला म्हणावं," म्या म्हटलं.

"आज्जी, उद्या चाऱ्याची गाडी येतीया. यादी चुकली तर म्हैस उपाशी ऱ्हाईल."

माझं हसू पळालं. या दुष्काळात तिच्या बरगड्या लांबूनच दिसतात.

"मग ‘टेकावरची’ काढून टाकू?" सुमी म्हणाली.

"आन् माझी वैरण वेशीजवळची पार्वती नेईल! ती टपलेलीच हाय."

शेवटी सुमीनं प्रत्येक नावाला दोन्हीकडनं अवतरणचिन्हं लावली आणि यादी पुन्हा ओतली. म्हणजे नावाचं गाठोडंच बांधलं. आतल्या ठिपक्याकडं मशीन बघत न्हाय. आधी का सुचलं नाही, असं विचारलं तर नाक मुरडती. मुरड, पण लिही.

आज गाडी आली, माझ्या नावावर पेंढ्या उतरल्या. म्हैस गोठ्यात कडबा चावतीया, इथवर आवाज येतोय. थांब सुमे, लिहिणं ऱ्हाऊ दे. जरा ऐकू या.