काकांच्या कफातला निरोप

४ मार्च

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या कफाचा अहवाल वाचून मी तोंडात बोट घातलं. दोन ट्रे भट्टीत सरकवले की धाप लागून टेकावं लागणाऱ्या बेकरीवाल्याच्या श्वासनळीत म्हणे सूज जवळजवळ नाहीच!

आम्ही प्रयोगशाळेत रोज हेच बघतो. पिठाचा कण आत गेला की तिथल्या पेशी सायटोकाइन नावाची बारीक प्रथिनं सोडतात. तो निरोपच असतो, शत्रू आलाय, धावून या. मग रक्तातल्या लढाऊ पेशी जमतात आणि नळीच सुजवून ठेवतात. नवं इंजेक्शन हा निरोप मध्येच अडवतं, पण कफात त्या पेशी सापडल्या तरच देतात. तुमच्यात सापडल्या नाहीत, म्हणून डॉक्टर बेकरी सोडा म्हणतात. खरं सांगा, नमुना देण्याआधी काही वेगळं केलंत का?

लोभाची हक्कदार,
तुमची पुतणी

९ मार्च

चि. पोरीस,
अ. आ.

केलं. तपासनीस येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी बेकरी धुऊन काढतो. तुझे साहेब माझा कफ बघणार, तुझी मान खाली जायला नको, म्हणून मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या आठवडाभर नेमाने घेतल्या. जिना एका दमात चढलो. काकूने हा कसला उत्साह म्हणून विचारलं, मी गोळ्यांचं पाकीट खिशात सारलं.

तुझं निरोपाचं पत्र बेकरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मला वाटायचं, आपली छातीच कमजोर. ती तर भलतीच तत्पर निघाली. पोरी, केवढं कळतं गं तुला! पण बेकरी सोडायला लावू नकोस. तुझं शिक्षणही याच भट्टीवर झालं, मला दुसरं काही येत नाही.

कळवत जा, वाट बघतो.
काका

१२ मे

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या, त्यांनी निरोपच दाबून टाकले होते. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनाही हसू आलं. त्यांच्या देखरेखीखाली, नेहमीचा दम्याचा पंप चालू ठेवून दिलेला तुमचा दुसरा नमुना काल तपासला. इंजेक्शन मंजूर झालं. पीठ मळायच्या खोलीत मात्र पाय ठेवायचा नाही; भट्टी तुमचीच.

नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तुमचा मला पाठ होता, साहेबांना ठाऊक नव्हता. सूक्ष्मदर्शकातून त्या पेशींची गर्दी बघून त्यांनी विचारलं, की अशा छातीने हा माणूस दिवसभर उभा तरी कसा राहतो. मी म्हटलं, तो उभा राहिला म्हणूनच मी इथे बसले आहे.

असाच लोभ राहू द्या.
तुमची पुतणी