सीडरखालचा वाफा

१७ ऑगस्ट २००९, सोमवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे
दाताळ्याला नवा दांडा बसवत होतो. आता तो पक्का बसला आहे आणि मी ट्रेलरच्या पायरीवर कॉफी पीत लिहितो आहे. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठून करायला काही काम आहे. राहायला ट्रेलर फुकट, आठवड्याचा पगार रोख, आणि साडेतीनशे एकर डोंगर राखायचा. मालक मिस्टर गार्लंड स्पीगल शहरात गाड्या विकतात आणि हंगामात पाहुण्यांना घेऊन इथे शिकारीला येतात.

त्यांना रानात चार छोटे वाफे हवे आहेत. ट्रॅक्टर वर चढत नाही, म्हणून सगळे हातानेच करायचे. प्रत्येक वाफा एखाद्या दिवाणखान्याएवढा आणि बाजूच्या झाडावर मचाण. मक्याचे दाणे ओतून हरीण बोलावले तर वनरक्षक दंड करतो, पेरून उगवले तर मात्र कायद्याला चालते. मिस्टर गार्लंड म्हणाले, “व्हर्लन, हरणांना पालेभाजी अन् आपल्याला मटण! दोघंही खूश.” मी हसलो. पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसावेच लागते, पण हा खरेच बरा होता.

२३ ऑगस्ट, रविवार
तीन वाफे तयार झाले. आधी पाचोळा ओढायचा, मग दाताळ्याने माती बोटाच्या पेराएवढी ओरबाडायची. खोल खणले की क्लोव्हरचे, म्हणजे हरणांच्या आवडत्या चाऱ्याचे, बी गाडले जाते आणि उगवत नाही. माती आंबट आहे, म्हणून चुन्याच्या गोण्या खांद्यावरून वर नेल्या. बी फेकायची पिशवी गळ्यात अडकवून तिचा दांडा फिरवत एकदा उभे चालायचे, एकदा आडवे. वर माती ओढायची नाही, पायांनी दाबायचे आणि पावसाची वाट बघायची. ओट आणि सलगम क्लोव्हरबरोबरच टाकणार आहे.

हे काम मला आवडते. दहावीत शाळा सोडल्यावर इतके नीटनेटके काही माझ्या हातून झाले नव्हते.

२९ ऑगस्ट, शनिवार
चौथा वाफा वरच्या सपाटीवर, सीडरच्या दोन म्हाताऱ्या झाडांच्या मध्ये. ऊन तिथेच पडते.

तिथे जमिनीवर कबरवेल पसरला आहे. निळ्या फुलांचा, हिवाळ्यातही हिरवा राहणारा. रानात तो आपला आपण येत नाही, कुणीतरी लावावा लागतो. वेल बाजूला केला तर खाली दगड, न घडवलेले, उभे. एक मोठा, त्याच्या पूर्वेला एक लहान. डोक्याशी आणि पायाशी. माझे आजी-आजोबा असेच निजले आहेत, त्यामुळे मला कळले नाही असे म्हणता येणार नाही.

मिस्टर गार्लंडना फोन केला. ते म्हणाले, “नाव कोरलंय कुठं? नाही ना? मग दगडच तो. डोंगरात दगड नसतील तर काय टीव्ही असतील?” मग आवाज खाली आणून म्हणाले की, एकदा का ती जागा कबरस्तान ठरली की कायद्याने लोकांना वाट द्यावी लागते, शिकार बंद होते आणि राखणदाराचीही गरज उरत नाही.

वेलावर तणनाशक मारले. दगड उपटून खाली झऱ्यापाशी नेऊन टाकले, बावीस. कुठला दगड कुठे होता ते लिहून ठेवले नाही. जोड्यासुद्धा मोडल्या. मी खिळ्यांच्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावतो, आणि हे लिहिले नाही. का, ते मला माहीत आहे. लिहिले असते तर ते खरे झाले असते.

१२ सप्टेंबर, शनिवार
रात्री पाऊस येणार, म्हणून आज बी टाकले. प्रत्येक वाफ्यात जाळीचा एकेक पिंजराही ठोकला, गुडघ्याएवढा. पिंजऱ्यातला चारा हरणांना मिळत नाही, तो उंच वाढतो. बाहेरच्याशी ताडून पाहिले की हरणे किती खातात ते कळते.

२० सप्टेंबर, रविवार
फाटकाशी जुनी पिकअप थांबली. त्यातून मिस ओडेसा कोफील्ड उतरल्या. हातात काठी, डोक्यावर चर्चची टोपी. मी आडनाव टिडमोर सांगितले, तर कुठले टिडमोर, असे विचारून त्यांनी माझ्या आजोबांपर्यंत ओळख काढली आणि म्हणाल्या, “तुझ्या आजोबाला गाता यायचं नाही, पण गायचा सगळ्यांच्या वर!”

मग कामाचे बोलल्या. वर सीडरपाशी त्यांची माणसे आहेत, आई आणि दोन धाकटे भाऊ, आणि त्यांच्या आधीचे. एका हिवाळ्यात घरात खायला काही उरले नाही. आई तव्यावरचे पोरांना वाढायची आणि विचारले की म्हणायची, मी जेवले. आधी ती गेली, मग ते दोघे. त्यानंतर दर मे महिन्यात सगळे गोत जमायचे. कबरी साफ करून फुले वाहायची, चादर अंथरून तिथेच जेवण मांडायचे. ताटाला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात वडील माणसाने एकेकाचे नाव मोठ्याने घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय त्यांना पोचत नाही, असे आमच्याकडेही मानतात. जुना मालक फाटक उघडायचा. तो गेला, कुलूप लागले, तेव्हापासून बावीस वर्षे तिथे कुणी जेवण मांडलेले नाही.

डॉक्टरने त्यांना नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. त्यांना आईशेजारी जागा हवी आहे. गुडघे चढू देत नाहीत, म्हणून म्हणाल्या, “बाळा, तू बघून ये. दगड दिसले तर सांग. मग मी एकेकाचं नाव सांगते, तू लिहून घे. नावं आता माझ्याकडंच उरलीत. भाचीला विचारशील तर तिला कुत्र्याचंही नाव आठवत नाही.”

मी वर गेलो. वाफ्याच्या कडेला उभा राहिलो. ओट बोटभर वर आले होते. खाली येऊन सांगितले की वर काही नाही. पाचोळा आहे, पाइन आहेत. मी सगळीकडे पाहिले.

त्यांनी डोंगराकडे पाहिले. मग वीस डॉलरची नोट काढली. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, “गप रे. म्हातारीसाठी डोंगर चढलास.” आणि नोट माझ्या खिशात कोंबली. मी ती घेतली.

४ ऑक्टोबर, रविवार
पहिले तीन वाफे उत्तम. बाहेर हरणांनी खुडलेले, पिंजऱ्यात वीतभर.

चौथ्यात एकही खूर उमटलेला नाही. चारा दाट आहे, पण त्यात उघडे पट्टे पडले आहेत, माणसाच्या लांबीचे, पूर्वेकडे पाय केलेले. दोन पट्टे आखूड आहेत, मुलाच्या लांबीचे. माझा पिंजरा नेमका त्यांतल्या एका आखूड पट्ट्यावर आहे. जाळी शाबूत आहे आणि आत एक पान नाही.

खुडलेले नाही. खुडले तर खुंट राहतो. इथे प्रत्येक रोपाच्या जागी सुईने टोचल्यासारखे भोक आहे.

बी कमी पडले असेल म्हणून पुन्हा टाकले.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
भर दुपारी पाहिले. पिंजऱ्यात नवे ओट तीन बोटे आले होते. मी वाकून बघत होतो. एक पाते हलले. वारा नव्हता. ते हळूहळू खाली जाऊ लागले, लहान मूल ओठांनी शेवई ओढते तसे. टोकही आत गेले. मग शेजारचे.

मी जाळीतून बोट घालून एक पाते धरले. खालून ओढ आली. जोराची नाही. अशक्त माणूस ओढतो तशी.

सोडून दिले.

१९ ऑक्टोबर, सोमवार
चौथ्या वाफ्याच्या मचाणाच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात सकाळचे तीन फोटो आहेत. पहिल्यात पाडस वाफ्याच्या कडेला. दुसऱ्यात गुडघ्यांवर, तोंड जमिनीला टेकलेले. तिसऱ्यात डोळ्यांपर्यंत मातीत.

जाऊन पाहिले. माती सपाट आहे. दाताळे मारायला हात धजला नाही.

मिस्टर गार्लंडना सांगितले. ते म्हणाले, “कोल्हा असेल. अन् हे बघ, नोव्हेंबरच्या एकविसाला हंगाम उघडतो, माझं मोठं गिऱ्हाईक त्याच मचाणावर बसणार आहे. तोपर्यंत तुझी भुतं आवर, नाहीतर तुझं सामान आवर.”

मिस ओडेसांच्या आईने म्हटले होते, मी जेवले. तेच सारखे मनात येते. आणि मी त्यांच्यावर चुना टाकला, बी टाकले, पायांनी दाबले.

२५ ऑक्टोबर, रविवार
दगड परत वर नेले. दिवस गेला. मोठे डोक्याशी, लहान पायाशी, एवढे जमले. पण कुणाचा कुणाशी? आखूड पट्ट्यांवर कुठला? अंदाजाने उभे केले.

संध्याकाळी वळून पाहिले तर सगळे आडवे. ढकललेले नव्हते. झोपेत माणूस दुसऱ्याचे पांघरूण सारतो तसे सारलेले.

नावे हवीत. नावे त्यांच्याकडे आहेत. उद्या सांगतो.

२६ ऑक्टोबर
भाचीने फोन उचलला. मिस ओडेसा रुग्णालयात. शनिवारी भेटता येईल. तिला सांगावे असे जिभेवर आले. आधी त्यांनाच सांगू, म्हणून ठेवले.

३१ ऑक्टोबर, शनिवार
मिस्टर गार्लंड आले. गिऱ्हाइकाला मचाण दाखवायचे होते. मी म्हणू शकलो असतो की मला जायचे आहे. म्हणालो नाही. उद्या जाईन.

१ नोव्हेंबर
पहाटे गेल्या.

४ नोव्हेंबर
शहराच्या कबरस्तानात पुरले. हमरस्त्याच्या कडेला. ट्रक जातात. भाची सांगत होती, शेवटचे काही दिवस खाल्ले नाही. चमचा पुढे केला की म्हणायच्या, मी जेवले.

मागच्या रांगेत उभा होतो. भाचीने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. मावशी सांगायची म्हणे, तो पोरगा माझ्यासाठी डोंगर चढला.

मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

१० नोव्हेंबर
झऱ्यापासून खालचे गवत गेले. पट्टे नाहीत, सरळ वाट. ट्रेलरकडे येते आहे.

१५ नोव्हेंबर
पायरीजवळचे गवत गेले. फरशीखालून आवाज — उंदीर नाहीत. बिस्किटांचा डबा फरशीवर होता. रिकामा. झाकण लावलेलेच.

पळून जावे. पिकअप चालू केली, बंद केली. माझ्या जागी दुसरा कुणी येईल. त्याला काहीच माहीत नसेल. आणि ते गिऱ्हाईक शनिवारी त्याच मचाणाच्या खाली उतरेल —

१८ नोव्हेंबर
भाचीला सगळे सांगितले. फोनवर. दगड, तणनाशक, सगळे. ती म्हणाली, “त्या माउलीला तू तोंडावर सांगितलंस, वर काही नाही म्हणून?” हो म्हणालो. नावे विचारली. तिला एकही येत नाही. फोन ठेवला तिने.

मिस्टर गार्लंडनाही सांगितले की भाची वकिलाकडे जाईल. सोमवारपासून नोकरी नाही.

बरे वाटायला हवे होते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी साडेतीन
वरच बसून लिहितो आहे. चादर अंथरली. तळलेली कोंबडी, कॉर्नब्रेड, घेवडा, पीचचे गोड, बरणीभर चहा. जसे आमच्याकडे मांडतात तसे. दगड आडवेच आहेत.

नावे नाहीत. नाव न घेता बसलो थोडा वेळ. काहीच हलले नाही. सगळे थांबलेले. पट्ट्यांवरची माती थोडी वर आली आहे, श्वास धरून ठेवावा तशी.

त्यांच्यातले एकच नाव मला ठाऊक आहे. ती इथे नाही, ती हमरस्त्याच्या कडेला आहे. पण दुसरे नाव नाही माझ्याकडे. घेतले. मोठ्याने.

मिस ओडेसा कोफील्ड.

सीडरखाली, जिथे कुठलाच पट्टा नव्हता, तिथे पाचोळा खाली खचला. माणसाच्या लांबीचा.

चादर मधोमध खाली — कॉर्नब्रेड गेला — ताटलीसकट —

हिशेब लिहितो, हाताला काम हवे म्हणून. कोंबडी, अकरा डॉलर चाळीस. मक्याचे पीठ, दोन दहा. घेवडा, एक ऐंशी. पीच, तीन पंचवीस. चहा घरचा. खर्च अठरा पंचावन्न.

देणे: मिस ओडेसा, वीस डॉलर. नोट चादरीवर ठेवली आहे. ती तशीच आहे. बाकी सगळे गेले.

त्या विचारताहेत, दगड दिसले का, बाळा.

हो म्हणालो. दिसले होते. तेव्हाही दिसले होते.

पैसे नकोत म्हणतात. लिहून घे, म्हणतात. एकेक सांगते. आवाज अगदी जवळून, बुटांच्या खालून. पाय उचलत नाहीत — घोट्यापर्यंत — लिहितो आहे, मिस ओडेसा, लिहितो आहे. पहिले नाव,

व्हर्लन टिड