हात पोचेल तिथं कपाट

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज चहाचा डबा वरच्या कपाटातून मी स्वतः काढला. कुणाला हाक मारली नाही. गेल्या उन्हाळ्यात टँकरपाशी घागरीसकट पडले, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

यांना कंपनीची तयार कपाटं हवी होती. दिसायला सुरेखच होती ती. पण उंची ठरलेली. "वरचं मी काढून देत जाईन," हे दुकानातच म्हणाले. प्रेमानं म्हणाले, तरी मला रडू का आलं?

मग औशाचे रहीम मिस्त्री आले. भिंत मोजायच्या आधी म्हणाले, "ताई, हात कुठवर जातो तेवढं दावा. कपाट तिथंच लावू." मी हात उचलला. त्यांनी पेन्सिलनं खूण केली. किती सहज विचारलं त्यांनी. महिनाभर घरात भुसा होता, फरशी पुसायला पाणी नव्हतं, आणि एक दार अजून कुरकुरतं. तरी खुणेपाशी उभं राहिलं की बरं वाटतं.

चहा घेताना हे म्हणाले, "मी होतो की डबा द्यायला."

"तुम्ही आहातच. पण मला मागायचं नव्हतं."

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "झोपायच्या खोलीतलं कपाटही मिस्त्रींनाच सांगू. तुझ्या मापानं."